तोंड दिसणारी फळी

फार वर्षांपूर्वीची गोष्ट, अशी सुरुवात करायची पद्धत आहे. खरं सांगायचं तर ही गोष्ट दर वर्षी कुठे ना कुठे घडते आणि दर वर्षी मला ती पहिल्यापासून सांगावी लागते. पण पद्धत मोडायला नको. तर फार वर्षांपूर्वी, खाडी जिथे समुद्राला मिळते तिथल्या एका कोळीवाड्यात एक नाखवा राहत होता. नाखवा म्हणजे होडीचा मालक. माणूस मनाने वाईट नव्हता. त्याला फक्त कौतुकाची फार हौस होती.

नाखव्याची जुनी होडी किड्यांनी पोखरली, म्हणून पावसाळ्यात त्याने किनाऱ्यावर माडाच्या झापांचा मांडव घालून नवी होडी बांधायला घेतली. काम एका म्हाताऱ्या सुताराकडे होतं. त्याच्या हातच्या वीसेक होड्या आजवर पाण्यात गेल्या होत्या आणि त्यांतली एकही बुडाली नव्हती.

तिकडे घरात नाखव्याची बायको चांगुणा नवं जाळं विणत होती. सणाच्या वाखाची सुतळी वळायची आणि एकेक गाठ मारत पुढे जायचं, असं तिचं चार महिने चाललं होतं. बोटांना चिरा पडल्या की ती त्यांवर खोबरेल लावायची आणि पुन्हा बसायची. जुनं जाळं कधीच कुजून गेलं होतं, त्यामुळे घरात हे एवढंच. वर्षभराची चूल या एका जाळ्यावर पेटायची होती, नाखव्याची आणि होडीवर काम करणाऱ्या सहा जणांचीही. हे लक्षात ठेवा, कारण नाखव्याच्या ते लक्षात राहिलं नाही.

होडी जवळजवळ तयार झाली. राहिली होती फक्त आतली जमीन, म्हणजे ज्या फळ्यांवर उभं राहून माणसं जाळं ओढतात ती. सुताराने त्यासाठी ऐनाच्या झाडाच्या फळ्या काढून ठेवल्या होत्या. काळपट, खरबरीत, त्यांवर रंधासुद्धा मारलेला नव्हता. दोन फळ्यांच्या मध्ये बोटभर फट ठेवायची, म्हणजे पाणी खाली निघून जातं, असं त्याने समजावून सांगितलं. नाखव्याने फळ्या पाहिल्या आणि तोंड वाकडं केलं. त्याला ती गोठ्यातली जमीन वाटली.

त्याचं कारण असं, की नाखवा नुकताच शहरात एका सावकाराच्या घरी लग्नाला जाऊन आला होता. तिथल्या दिवाणखान्यात सागाच्या फळ्या होत्या. रंधा मारून, घासून गुळगुळीत केलेल्या आणि वर रोगणाचे पाच हात. नाखव्याने वाकून पाहिलं तर त्याला फळीत स्वतःचं तोंड दिसलं. ते त्याला इतकं आवडलं, की आपल्या होडीतही तोंड दिसलं पाहिजे असं त्याच्या मनाने घेतलं.

सुतार म्हणाला, "सावकाराच्या दिवाणखान्यात मासळी ओतत नाहीत, नाखवा."

"रोगण लावलं की लाकूड टिकतं," नाखवा म्हणाला.

"लाकूड टिकेल. लाकडावरचा माणूस टिकेल का, ते बघा."

दोन दिवस सुताराने समजावलं. बांबूच्या पट्ट्या ठोकू म्हणाला, निदान सागावर रोगण तरी नको म्हणाला. नाखवा प्रत्येक वेळी शांतपणे ऐकून घ्यायचा आणि शेवटी विचारायचा, की पण तोंड दिसेल ना? अशा माणसाशी तुम्ही कधी बोलला असाल तर सुताराचं डोकं किती दुखलं असेल ते मी सांगायला नको. अखेर होडी ज्याची, जमीन त्याच्या मर्जीची, असं म्हणून त्याने सागाच्या फळ्या फट न ठेवता जोडल्या, घासल्या आणि रोगण चढवलं. ऐनाच्या फळ्या त्याने परत पाठवल्या नाहीत. मांडवाच्या मागे झाकून ठेवल्या.

आता त्या कोळीवाड्यात एक जुनी पद्धत होती. नव्या होडीवर चढायचं ते पाय धुऊन आणि कोरडे पुसून. पहिल्या फेरीपर्यंत तिला मासळीचं पाणीही लागू द्यायचं नाही. पद्धत चांगली आहे, होडीला मान देण्याची आहे. पण ती मान देण्यासाठी आहे, पारख करण्यासाठी नाही, एवढी साधी गोष्ट नाखव्याला कळली नाही. कळली असती तर मी आज दुसरं काही काम केलं असतं.

नाखव्याने सगळ्या गावाला होडी बघायला बोलावलं. मांडवाच्या तोंडाशी पाण्याचा हंडा ठेवला आणि पाय पुसायला स्वच्छ पंचा. भटजी आले, मास्तर आले, शेजारचा नाखवा आला. सगळे पाय धुऊन, पुसून फळ्यांवरून चालले आणि सगळ्यांनी वाहवा केली. व्याही आले तेव्हा त्यांनी खाली वाकून फळीत बघत मिशा सारख्या केल्या. नाखव्याच्या अंगावर मूठभर मांस चढलं. साठ माणसांना त्याने विचारलं, जमीन कशी झाली म्हणून. जे सहा जण त्या जमिनीवर उभे राहणार होते, त्यांना विचारायचं तेवढं राहून गेलं.

त्या सहांतला जोमा तांडेल मग न बोलावताच आला. वीस वर्षं नाखव्याची होडी तोच चालवत होता. त्यानेही पाय धुतले, पुसले, तीन पावलं टाकली आणि तो थांबला.

"नाखवा, आमचा पाय कोरडा असतो तो फकस्त पूजेच्या दिवशी," तो म्हणाला. "एक हंडा खारं पाणी आन टोपलीभर मासळी हिच्यावर वतू. मंग चालून बघू."

नाखव्याने कानांवर हात ठेवले. पूजेच्या आधी होडीवर मासळी ओतायची? जोमा म्हणाला, होडीवर नको, उरलेली एक फळी बाहेर वाळूत ठेवू आणि तिच्यावर ओतू. याच्याइतकं सोपं काय असणार होतं, तुम्हीच सांगा. पण नाखव्याने फळी काही दिली नाही. साठ माणसं चालून गेली, एकाचाही पाय सटकला नाही, असं त्याने ऐकवलं. साठही माणसं पाय पुसून चालली, असं जोमा म्हणाला. त्यावर नाखवा म्हणाला, की तुला नवं काही बघवतच नाही. जोमा खाली उतरून निघून गेला.

चांगुणानेही जेवताना विषय काढला. न्हाणीतला दगड पूर्वी गुळगुळीत होता, त्यावर मासळी धुतल्यावर नाखवा स्वतः एकदा आपटला होता आणि मग त्यानेच दगडाला टाकी लावून तो खरबरीत करून घेतला होता. तिने त्याला त्याची आठवण करून दिली. नाखवा म्हणाला, न्हाणी वेगळी, होडी वेगळी.

नारळी पुनवेला पूजा झाली, समुद्राला नारळ दिला. दुसऱ्या दिवशी सकाळी होडी पहिल्या फेरीला निघाली. नाखवा काही गेला नाही, त्याच्याकडे पाहुणे होते. चांगुणाने स्वतःच्या हाताने जाळं होडीत ठेवलं आणि त्याच्यावर हात फिरवला.

खोल पाण्यात जोमाने जाळं टाकलं. समुद्र उदार होता, जाळं भरून जड झालं. पहिलं पाच-दहा हात जाळं वर आलं, त्याच्याबरोबर पाणी आलं, मासळी आली, मासळीचा चिकटा आला. फटी नव्हत्या, त्यामुळे सगळं फळ्यांवरच साचलं. सहा जणांनी पाय रोवले, पण रोवायला जागाच नव्हती. जाळं जितकं ओढावं तितके तेच जाळ्याकडे सरकत होते. जोमा सगळ्यांत पुढे होता. त्याचा गुडघा होडीच्या कडेवर आपटला आणि अर्धं अंग बाहेर गेलं. मागच्या दोघांनी त्याला कमरेला धरलं. आता हातात एक तर माणूस राहणार होता, नाही तर जाळं.

जाळं गेलं.

दुपारी होडी परत आली तेव्हा चांगुणा टोपली घेऊन किनाऱ्यावर उभी होती. तिने होडीत पाहिलं आणि विचारलं, जाळं कुठं हाय? जोमा लंगडत खाली उतरला.

"वयनी, हातातून नाय गेलं," तो म्हणाला. "पायातून गेलं."

एवढं झाल्यावर तरी नाखव्याने गप्प बसावं की नाही? पण पाहुणे बघत होते. तो जोमाला म्हणाला, की वीस वर्षं जाळी ओढतोस आणि आजच पाय कसा सटकला, तुमचंच लक्ष नसणार. तिथे उभ्या असलेल्या बायकांनी कपाळाला हात लावला.

चांगुणा रडली नाही. तिला राग आला होता, आणि तो चार महिन्यांच्या गाठींचा होता. तिने शेजारणीची बोंबलांची टोपली उचलली आणि ती होडीत त्या चकचकीत फळ्यांवर पालथी केली. वर दोन हंडे खारं पाणी ओतलं. मग एका दोराचं टोक नाखव्याच्या हातात दिलं आणि दुसरं वाळूत उभ्या असलेल्या पाच जणांच्या हातात. जोमाला तिने खाली बसवलं होतं.

"अवो, चढा," ती म्हणाली. "आन वढा आता."

नाखवा सवयीने पाय धुऊन, पुसून चढला. त्याने दोर खांद्यावर घेतला आणि पुढे वाकून ओढला. त्या पाच जणांनी जोरही लावला नव्हता, नुसता दोर धरून ठेवला होता. तरी नाखव्याचे दोन्ही पाय मागे गेले आणि तो पालथा पडला, तो थेट फळीवर नाक टेकून. फळी ओली होती, त्यामुळे आणखीच चमकत होती. तिच्यात त्याला स्वतःचं तोंड अगदी स्वच्छ दिसलं. गालाला एक बोंबील चिकटलेला होता.

"दिसलं का तोंड?" चांगुणाने विचारलं.

व्याही समुद्राकडे बघायला लागले. नाखवा बराच वेळ उठला नाही. उठायला पाय टेकावे लागतात आणि तेच जमत नव्हतं. शेवटी तो गुडघ्यांवर रांगत कडेशी आला आणि जोमाला म्हणाला, "चूक तुझी नाय, माझी हाय. तू सांगितलं होतंस."

त्याच दिवशी त्याने स्वतःच्या हाताने सागाच्या फळ्या उचकटल्या. सुताराने मांडवामागून ऐनाच्या फळ्या काढल्या. पहिली फळी वाळूत ठेवली, तिच्यावर मासळीचं पाणी ओतलं आणि जोमाला चालायला सांगितलं. लंगडत्या पायानेही तो सरळ चालत गेला.

जाळं मात्र परत आलं नाही. ते असं परत येत नसतं. चांगुणा पुन्हा पहिल्या गाठीपासून बसली. त्या हंगामात नाखव्याची होडी वाळूतच राहिली आणि त्याची माणसं दुसऱ्यांच्या होड्यांवर गेली. नाखवा चांगुणाशेजारी बसून सुतळी वळत होता. त्याच्याही बोटांना चिरा पडल्या. खोबरेलाची वाटी दोघांच्या मध्ये असायची.

त्या चकचकीत फळ्यांचा नाखव्याने ओट्यावर बाक करून घेतला. पाहुणे येतात, कोरड्या पायांनी बसतात, फळीचं कौतुक करतात, आणि तिथे ती खरंच छान दिसते. आणि त्या कोळीवाड्यात आता पूजेच्या आधी नवी फळी वाळूत ठेवून तिच्यावर मासळीचं पाणी ओततात. आधी तांडेल चालतो, मग मालक. पाय पुसायचा पंचा त्यानंतर येतो.

तात्पर्य, एवढं ऐकूनही ज्यांना तोंड दिसणारी फळीच हवी असेल त्यांच्यासाठी: ज्याला तिथे ओल्या पायांनी उभं राहायचं आहे, त्याला आधी विचारा. कोरड्या पायांनी आलेल्यांचं कौतुक ओट्यावर ठेवा, होडीत नको.