धाकटीला विचारलं तेव्हा

फार पूर्वी, माळांना कुंपणं नव्हती आणि गवत कुणा एकाच्या मालकीचं नव्हतं, तेव्हाची ही गोष्ट. मुलांनो, तुम्ही ऐका. मोठ्यांनो, तुम्ही तर ऐकाच.

मेंढपाळांचं एक बिऱ्हाड रानोमाळ फिरत असे. त्यात एक बाप होता आणि त्याची दोन लेकरं, थोरला आणि धाकटी. आई देवाघरी गेलेली. पण काय दिवस होते ते! सकाळी दहिवरानं पाय भिजायचे. थोरला घोडीचा लगाम धरून पुढं चालायचा. घोडीवर बसलेली धाकटी मागून त्याच्या पागोट्यात गवताच्या काड्या खोचायची. तो ओरडायचा, ती हसायची. असं रोज चालायचं.

मग धाकटी आजारी पडली. पोट फुगलं, हातपाय काटक्यांसारखे झाले. वाटेत भेटेल त्याचा झाडपाला झाला, काढे झाले. एकानं तर तापल्या लोखंडानं पोटावर डाग दिला. ती अशी किंचाळली की मेंढ्या बुजून पांगल्या. गुण मात्र आला नाही.

मध्येच विचारू नका, पुढं ती बरी झाली का म्हणून. नाही झाली.

फिरत फिरत बिऱ्हाड एका नगरापाशी आलं. तिथला वैद्य स्वतः तळावर आला. त्यानं नाडी पाहिली आणि बापाला खरं ते सांगितलं.

"रोग आता कुणाच्याच हातात नाही. माझ्याकडे ठेवलीत तर डाग देऊन, बंद खोलीत ठेवून श्वास थोडा लांबवता येईल. नेलीत तर दुखणं कमी करणारं औषध बरोबर देतो. बोला."

"ठेवा!" थोरला बापाच्या आधीच ओरडला. "जो न्या म्हणेल तो तिचा वैरी!"

बापाला काही ठरवता येईना.

त्या बिऱ्हाडाची एक रीत होती. उद्या कुठं जायचं हे ठरवताना त्यातली सगळ्यांत जुनी म्हातारी प्रत्येकाला विचारायची. वाट ज्याला चालायची, त्याचं मत हवंच. त्या संध्याकाळीही ती एकेकाला विचारत गेली. कुणी ठेवा म्हणालं, कुणी न्या म्हणालं. गलका वाढला.

तेवढ्यात घोंगडीखालून आवाज आला. "आज्जे, सगळ्यांना विचारलंस. मी काय मेले का?"

म्हातारी घोंगडीकडे वळली.

"तिला काय कळतंय? लहान आहे ती," थोरला म्हणाला.

"डाग कुणाच्या पोटावर देणार? तुझ्या?" म्हातारी त्याच्यावर डाफरली. मग धाकटीजवळ बसून म्हणाली, "बोल बाय."

वैद्य अजून तळावरच होता. धाकटीनं त्याला विचारलं, "वैद्यबाबा, डाग दिल्यावर मी कोकरांमागं पळीन?"

वैद्य मोठा माणूस, पण खोटं बोलला नाही. "नाही, पोरी."

"मग नको. मला न दुखायचं औषध द्या. दादानं मला वरच्या माळावर न्यायचं. तिथं वारा असतो. आणि त्यानं माझ्यासमोर भांडायचं नाही. बोकडासारखा आवाज लागतो त्याचा."

थोरला हातातली काठी फेकून निघून गेला.

म्हातारी बापाकडे वळली. "पोरीनं तिला काय हवं ते सांगितलं. ठरवायचं तुला आहे. हे ओझं तिच्यावर टाकू नकोस."

बापानं डोळे पुसले. "नेतो मी," तो म्हणाला. "कुणाला काही विचारायचं असलं, तर मला विचारा."

सकाळी थोरला परतला. घोडीचे हिसके तिला सोसणार नाहीत म्हणून त्यानं तिला पाठीवर घेतलं आणि चढणीला लागला.

माळावर ती ताकात भाकरी कुस्करून खायची, दोन घास का होईना. औषधानं कळा उतरायच्या. मग ती थोरल्याला कळपातल्या मेंढ्या ओळखायला लावायची. "ही कोण?" "मोरी." "ठोंब्या, मोरी ती पलीकडची! ही तिची लेक."

एका दुपारी त्यानं एका मेंढीला चक्क बोकड म्हटलं. धाकटी हसली. हसता हसता तिनं त्याच्या मांडीवर डोकं टेकलं. मग ते उचललं नाही.

थोरला फार रडला. पुढं कित्येक वर्षं त्याला तो माळ नजरेसमोर नको असायचा. दैवाला, वाऱ्याला, सगळ्यांना त्यानं शिव्या दिल्या. पण तिची आठवण आली की त्याच्या कानात किंकाळी येत नसे. तिचं हसू येत असे. एवढं त्याच्याजवळ राहिलं.

तात्पर्य: लेकराच्या दुखण्याचं ठरवताना आधी लेकराला विचारावं, आणि ठरवल्याचा भार मात्र मोठ्यांनी आपल्या खांद्यावर घ्यावा.