राजाच्या कमरेच्या तीन कड्या

एका राज्यात सात वर्षं कणीस वाकलं नव्हतं. पेरा व्हायचा, ज्वारी पुरुषभर वाढायची, निसवून कणसं बाहेर पडायची, आणि ती भाल्यांसारखी ताठ उभी राहायची. भरलं कणीस दाण्याच्या भारानं मान लववतं. ही लवतच नव्हती, कारण आत दाणाच नव्हता. आणि जसं शेत तशी माणसं. घागर उचलायला गेलं की कुणाला उसण भरे, कुणाची मान अवघडे, कुणी जात्यावरून उठताना "आई गं" म्हणून तसंच बसून राही.

त्या राज्यात वेशीबाहेरच्या टेकडीवर गिरजा नावाची कुंभारीण राहत होती. गिरजा पायाळू होती. जन्मताना ज्याचे पाय आधी येतात तो पायाळू. अशा माणसाच्या पायाला दोन गुण असतात. उसण भरलेल्या पाठीला तो पाय लागला की उसण उतरते, आणि कुठं धन पुरलेलं असेल तर त्या तळव्याला मुंग्या येतात. गिरजेला मुंग्या कधी आल्या नव्हत्या. त्या टेकडीवर धन पुरणार कोण? उसण मात्र तिनं शेकड्यांनी उतरवली होती. माणसं तीन सकाळी अनशापोटी टेकडी चढून येत आणि ओसरीवर पालथी पडत. गिरजा तापल्या वाळूच्या पुरचुंडीनं शेक देई, मग डावा पाय पाठीला हलकेच लावी. तिसऱ्या दिवशी माणूस उतरणीवरून गाणं म्हणत घरी जाई.

एके सकाळी गिरजा माती तुडवत असता तिच्या दारी पालखी आली. पालखीतून प्रधान उतरले.

"गिरजाबाई, महाराजांना उसण भरली आहे. सात वर्षं झाली."

"सात वर्षं? उसण सात दिवस टिकत नाही, प्रधानजी."

"राजाची आहे. टिकते."

"पण राजाच्या अंगाला ज्याचा पाय लागेल त्याचा पाय तोडावा, असा कायदा आहे ना?"

"आहे. तू आली नाहीस तर आज्ञाभंग. आलीस आणि गुण आला तर क्षमा."

"आणि नाही आला तर?"

प्रधानांनी तिच्या चिखलानं माखलेल्या पायाकडं पाहिलं. गिरजेनं पाय लुगड्याच्या घोळात ओढून घेतला. याच पायांनी माती तुडवायची, याच मातीची मडकी करायची, मडक्यांवर घर चालवायचं. पाय गेला तर सगळंच गेलं. पण राजाज्ञा ती राजाज्ञा. ती पालखीत बसली.

राजा मेरुसेन सात गाद्यांवर निजला होता. देखणा, उंच, आणि फळीसारखा ताठ. एक सेवक त्याला जोडे घाली, दोघं उठवत, तिघं बसवत. गिरजेनं हात जोडले, अंगरख्यावरून राजाच्या कमरेला डावा पाय लावला, आणि दचकली. टाचेखाली पाठ लागलीच नाही. लागलं ते काहीतरी गार आणि कठीण, आणि तिच्या तळव्याला मुंग्यांचं वारूळ फुटलं.

"संपलं?" राजानं विचारलं.

"संपलं नाही महाराज, सुरूच झालं नाही."

प्रधानांनी पहारेकऱ्याला खूण केली. गिरजेनं पाय मागं घेतला. ती घाईघाईनं म्हणाली, "एक विचारते. महाराजांच्या कमरेवर धन का पुरलं आहे?"

राजाचा चेहरा उतरला. त्यानं सगळ्यांना बाहेर घालवलं. महालात राहिले तिघंच: राजा, गिरजा आणि खिडकीत बसलेला एक हुदहुद पक्षी. राजानं अंगरखा बाजूला केला. कमरेला सोन्याचा रुंद पट्टा होता, आणि पट्ट्याला तीन कड्या.

"राज्याभिषेकाच्या दिवशी मी सभेला वाकून नमस्कार केला," राजा म्हणाला. "मुकुट मोठा होता. तो पडला, टणटणत पायऱ्या उतरला आणि थेट दारापर्यंत गेला. सभा हसली. त्याच दुपारी मी विकटनाथ जादूगाराला बोलावलं. म्हणालो, पुन्हा कुणापुढं वाकावं लागू नये असं काही दे. त्यानं शापित खजिन्यातला हा पट्टा दिला."

"मग?"

"पहिलं वर्ष फार छान गेलं. पाठीला आधार होता, ताठ दिसत होतो. मग पट्ट्यावाचून उभं राहवेना. आणि आता पट्टा असूनही राहवत नाही."

गिरजेनं मान हलवली. "भिंतीला कायमचा टेकू दिला महाराज, की भिंत आपलं बळ विसरते."

तेव्हा हुदहुद बोलला, "जादूगार जाताना हसत म्हणाला होता, तीन कड्या, तीन वाकणी. राजा आपणहून, लाज सोडून वाकेल तर कडी सुटेल. तोवर शिवारातलं कणीसही वाकणार नाही. दुसऱ्यानं हात लावला तर पट्टा बोटभर आवळेल."

"सात वर्षं हे सांगितलं का नाहीस?" राजा कडाडला.

"मी खाली जमिनीवर किडे टिपत असतो. आपण खाली कधी पाहिलंत?"

राजानं तिथल्या तिथं वाकायचा यत्न केला. त्याची किंकाळी ऐकून प्रधान धावत आत आले, आणि त्यांना पट्ट्याची हकीकत कळली. गिरजा शांतपणे म्हणाली, "वाळकी माती वाकवली तर तुटते. आधी भिजवावी लागते. मला एकवीस दिवस द्या."

"दिले," प्रधान म्हणाले. "बाविसाव्या दिवशी सभा. तिथं एक तर कडी सुटेल, नाही तर पाय तुटेल."

राजानं विचारलं, "कुंभारीणबाई, या तीन कड्यांसाठी कोणती तीन कामं करू ते सांग. राक्षस मारू? समुद्राच्या तळचा मणी आणू?"

"नाही महाराज. पहिलं, आपले जोडे आपल्या हातानं काढा. दुसरं, एक भरली घागर उचला. तिसरं, सभेला वाकून नमस्कार करा."

राजा पांढराफटक पडला. "राक्षस बरा होता," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सात गाद्यांपैकी सहा काढल्या. पालखी कोठारात गेली. उजाडताच राजा टेकडीकडं पायी निघाला, आणि बारा पावलांवर मटकन खाली बसला. गिरजा त्याच्याशेजारी बसली.

"आज बारा. उद्या पंधरा. यात लाज कसली?"

ती रोज शेक देई. मग राजाला सतरंजीवर उताणं निजवून एकेक गुडघा पोटाशी घ्यायला लावी, दहादा सावकाश, श्वास न कोंडता. "ताण आला तर येऊ द्या. कळ आली की थांबा," ती सांगे. हुदहुदालाही एक काम लावून दिलं. राजसभा चालू असता दर घटकेला तो तुरा फुलवून ओरडे, "उठा!" मग राजा उठे आणि चार येरझाऱ्या घाली. राजा उठला की सभेत बसून कोण राहील? सगळी सभा येरझाऱ्या घालू लागली. चौथ्या दिवशी प्रधान हळूच म्हणाले, "नवल आहे. माझा गुडघा कुरकुरायचा थांबला."

सातव्या दिवशी राजा टेकडी चढून ओसरीवर पोचला. त्यानं जोडे काढून घ्यायला पाय पुढं केला. कुणी आलंच नाही. गिरजा चाकावर होती.

"माझे हात मातीचे आहेत महाराज," ती पाठमोरीच म्हणाली.

राजा पायरीवर बसला. त्यानं एक पाय जवळ घेतला, श्वास सोडला, आणि आपला जोडा आपण काढला. मग दुसरा. 'कट्' असा आवाज झाला. पहिली कडी सुटली.

राजा हरखला, आणि तिथंच चुकला. नवव्या दिवशी गिरजा पाण्याला गेली असता तो मनात म्हणाला, आता घागर ती काय! पाय ताठ ठेवून तो कमरेतून वाकला, ओसरीवरची भरली घागर झटक्यानं ओढली आणि कळ येऊन कोसळला. त्याला झोळीतून महालात नेलं. त्यानं काढलेल्या सहाही गाद्या पुन्हा घालायला लावल्या आणि भिंतीकडं तोंड करून निजला. इकडं वेशीवर लोहार कुऱ्हाडीला धार लावत होता, आणि तो आवाज टेकडीपर्यंत येत होता.

गिरजा चिखलाच्या खड्ड्याकाठी बसून राहिली. हुदहुद तिच्यापुढं उतरला.

"गिरजे, रडतेस?"

"माझ्या पायातला गुण गेला रे. राजाला तो लागलाच नाही."

"माणसं तुझ्याकडं कशी येतात?"

"टेकडी चढून."

"किती दिवस?"

"तीन."

"आणि पाय तू कधी लावतेस?"

गिरजा उत्तर द्यायला गेली आणि थांबली. चढ चढून झाल्यावर, शेकून झाल्यावर, अंग सैल पडल्यावर, सगळ्यांच्या शेवटी. तिला वाईट वाटलं. जन्मभर ज्याला आपला गुण समजले, तो का त्या चढाचा होता? पण मग तिला हसू आलं. चढ तर कुठं पळून जात नव्हता! पाय राहो की न राहो, टेकडी होतीच. तिच्या छातीवरचा धोंडा अर्धा उतरला.

ती तडक महालात गेली. "महाराज, उठा."

"दुखतं."

"दुखत असेल. पण पडून राहिलात तर पुन्हा फळी व्हाल. भिजवलेली माती उन्हात टाकून देऊ नये. पाच पावलं चला, मग निजा. मग पुन्हा पाच."

राजानं तिच्याकडं तोंड वळवलं. "कुऱ्हाडीला धार लावतात ती तुझ्यासाठी, आणि तू मला पाच पावलं मागतेस?"

"पाचच, महाराज."

राजा कुशीवर वळला, हाताचा टेकू घेतला आणि उठला. दुसऱ्या दिवशी तो टेकडीच्या पायथ्याशी पोचला, तिसऱ्या दिवशी अर्ध्यावर. मग तो गिरजेबरोबर माती तुडवू लागला. मांड्यांत बळ आलं, पोटऱ्यांत बळ आलं. गिरजेनं त्याला घागर शिकवली: पाय फाकवून उभं राहायचं, गुडघ्यांतून खाली बसायचं, घागर पोटाशी घ्यायची आणि पायांच्या जोरावर उठायचं. "कमरेनं ओझं उचलायचं नाही, महाराज. कमरेनं नुसती सोबत करायची." चौदाव्या दिवशी राजानं भरली घागर उचलली. 'कट्'. दुसरी कडी सुटली.

तिसरे सात दिवस तो रोज चालला, रोज वाकला. आता पाठ भीत नव्हती. मन भीत होतं.

"मुकुट पडेल," विसाव्या दिवशी तो म्हणाला.

"पडेल कदाचित."

"सभा हसेल."

"हसेलही."

"मग?"

"मग काय महाराज? घागर उचलता येते ना?"

बाविसाव्या दिवशी सभा भरली. एका बाजूला कुऱ्हाड घेऊन पहारेकरी, त्याच्यापाशी गिरजा. तिनं पाय धुवून आणले होते. राजा आला, सिंहासनापुढं उभा राहिला आणि उभाच राहिला. सभेत कुजबूज सुरू झाली.

राजानं गिरजेकडं पाहिलं. त्यानं श्वास सोडला, हात जोडले, आणि तो सभेला वाकला. खाली, आणखी खाली.

मुकुट पडला. टण, टण, टण, पायऱ्या उतरत दारापर्यंत गेला. या खेपेला सभा हसली नाही. आणि तिसरी कडी तशीच होती! प्रधान मुकुटाकडं धावले, दोन सेवक धावले.

"कुणी हात लावायचा नाही!" राजा गरजला.

सगळे थिजले. राजा पायऱ्या उतरला, सभेच्या मधून चालत दारापर्यंत गेला. पाय फाकवले. गुडघ्यांतून खाली बसला. मुकुट घागरीसारखा पोटाशी घेतला आणि पायांच्या जोरावर उठला. उठता उठता त्यालाच हसू फुटलं. आधी बारीक, मग मोठ्यानं. मग सभाही हसली, राजाबरोबर हसली.

'कट्'.

पट्टा जमिनीवर पडला. त्याचं सोनं उडून गेलं आणि राहिला एक जुना सुंभ. त्याचा पीळ मात्र गेला होता.

पहारेकऱ्यानं कुऱ्हाड खाली ठेवली. गिरजेच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. ती खाली बसली आणि आपला डावा पाय दोन्ही हातांनी धरून बसली. राजानं तिथंच जुना कायदा मोडीत काढला आणि नवा केला: या राज्यात माणसाच्या चालत्या पायाला भय नाही.

आठ दिवसांनी वेशीबाहेर ज्वारीला हुरडा भरला. पहाटवाऱ्यात शिवारभर कणसांनी माना लववल्या होत्या. राजा टेकडी चढून आला, त्यानं जोडे काढले आणि ओसरीवर हुरड्याची पाटी ठेवली. गुडघ्यांतून वाकून, अर्थातच. माणसं अजूनही गिरजेकडं येतात. ती पाय लावते, पण आधी विचारते, "चालत आलात ना?"

राजाची कंबर सुटली, कणसं भरली, कहाणी पुरी झाली. ऐकता ऐकता ज्यांची कंबर अवघडली असेल त्यांनी आता उठावं, दोन्ही हात वर करून अंग ताणावं आणि चार पावलं चालून यावं.