हात उचलणारी भावजय

फार जुन्या काळची ही गोष्ट आहे. लहानांनी ऐकावी, आणि मोठ्यांनी तर जरूर ऐकावी.

डोंगराच्या पायथ्याशी एक गाव होतं आणि गावाला लागून दाट रान होतं. सकाळी रानात जावं, शिकेकाई, मध, सरपण काय हवं ते आणावं आणि सूर्य डोक्यावर यायच्या आत घरी परतावं, असा तिथला नेम होता. कारण भर दुपारी त्या रानातले किडेसुद्धा गप्प होत. पान हलत नसे. त्या शांततेत जो सापडे, तो आपणहून परत येत नसे. लोक म्हणत, "दुपारच्या आजीनं ठेवून घेतला."

या गावात एक भावजय आणि तिची धाकटी नणंद एका घरात राहत. दोघींचं फारसं पटत नसे. भांडणं काही मोठी नसत. ताकात पाणी जास्त झालं, चूल नीट सारवली नाही, असलंच काहीतरी. एके सकाळी नणंद शिकेकाईला निघाली, तेव्हा भावजय भाकरी थापता थापता म्हणाली, "दुपारच्या आत या, वन्सं. नाहीतर तिकडेच राहा."

नणंद तिकडेच राहिली.

दुसऱ्या दिवशी गाव पारावर जमलं. हरवलेल्या माणसाला सोडवायची एकच वाट होती. ज्यानं त्याच्याशी शेवटचं बोलणं केलं, त्यानंच भर दुपारी एकट्यानं रानात जायचं. तिथे तोंडं मातीनं लिंपलेले तीन रांजण असत. एकात हरवलेलं माणूस, बाकी दोन रिकामे. आपण एका रांजणावर हात ठेवायचा. मग आजी उरलेल्या दोनांतला एक रिकामा रांजण फोडून दाखवी आणि विचारी, 'हात तिथेच ठेवतोस, की दुसऱ्यावर नेतोस?' शेवटी हाताखाली जो रांजण असेल, तो आपला. त्यात माणूस नसलं, तर ते कायमचं गेलं.

"विचारू दे तिला," गावातली सर्वांत वडील बाई म्हणाली. "तू हात उचलायचा नाहीस, सूनबाई. आपलं माणूस कुठे आहे ते हाताला पहिल्यांदाच कळतं. ज्याची माया खरी, त्याचं माणूस घरी येतं."

"आजवर किती आली, आत्याबाई?"

तिघांत एखादंच आलं होतं. बाकीच्यांना आणायला गेलेले एकटेच परतले होते, हात न उचलता. त्यांतला एक बाप पाराच्या कडेला खाली मान घालून बसला होता. गाव त्याच्या तोंडावर काही बोलत नसे, पण पाठीमागे म्हणे, याची माया कमी पडली.

"हिची कुठली आलीय माया!" एक शेजारीण कुजबुजली, पण सगळ्यांना ऐकू जाईल अशी. "हात उचलून मोकळी होईल बघा. नणंद गेली की घर हिचं एकटीचं."

भावजयीचा नवरा इतकंच म्हणाला, "घेऊन ये तिला."

ती रानात शिरली तेव्हा सूर्य माथ्यावर होता. तिची सावली पायाखाली गोळा झाली होती. झाडांच्या सावल्याही बुंध्याशी बसल्या होत्या. मोकळ्या जागेत छातीइतके उंच तीन रांजण अगदी जवळजवळ उभे होते आणि शेजारी एक म्हातारी बसली होती. तिची एकटीची सावली मात्र संध्याकाळसारखी लांबच लांब पसरली होती.

"आलीस?" म्हातारी गोड आवाजात म्हणाली. "ठेव हात."

भावजयीनं डोळे मिटले. माया शोधू लागली, तर तिला ते पातळ ताकच आठवलं. शेवटी जो रांजण जवळ होता, त्यावर तिनं उजवा हात ठेवला. जवळ होता म्हणून, दुसरं काही नाही.

म्हातारी उठली. तिनं मधल्या रांजणावर दगड घातला. खापऱ्या खाली पडल्या, पण आवाज झाला नाही. आतून नुसती थंडगार हवा आली.

"हा रिकामा. आता सांग, हात तिथेच, की त्या तिसऱ्यावर?"

तेवढ्यात भावजयीला जाणवलं, की आपल्या तळव्याखाली रांजण धडधडतो आहे. आत कोणी घाबरून बसावं, तसा.

"लागते ना धडधड?" म्हातारी जवळ येऊन म्हणाली. "सगळ्यांना लागते."

सगळ्यांना? भावजयीच्या अंगावर काटा आला. तिनं उजवा हात तसाच ठेवून डावा हात मधल्या फुटक्या रांजणाच्या काठावर टेकवला. तोही धडधडत होता. तेव्हा तिला समजलं, की ही धडधड आपल्याच हाताची आहे.

तिनं विचारलं, "आजी, तुम्ही नेहमी रिकामाच रांजण फोडता?"

"नेहमी. माणूस असलेल्या रांजणाला मी दगड लावत नाही. आणि ज्यावर हात आहे, त्यालाही नाही."

भावजय विचार करू लागली. 'माझ्या हाताला काहीच ठाऊक नव्हतं. हिच्या हाताला मात्र सगळं ठाऊक होतं. ही सुरुवातीलाच म्हणाली असती, की हाताखालचा एक घे किंवा बाकीचे दोन्ही घे, तर मी दोन्ही घेतले असते. आता त्या दोनांतला रिकामा हिनं जाणूनबुजून बाजूला केला. म्हणजे दोन्हींवर मिळून जी आशा होती, ती सगळी त्या तिसऱ्यावर आली. माझ्या हाताखालचा तर होता तसाच आहे, तीनांतला एक.'

पण वन्सं याच रांजणात असल्या तर? तसंही होऊ शकत होतं. मग गाव जन्मभर म्हणेल, हाताखाली होती आणि हिनं सोडली. हात उचलला नाही आणि वन्सं गेल्या, तर फार फार तर म्हणतील, माया कमी पडली. ते तर आत्ताच म्हणतात.

हात ठेवला तर आपलं नाव वाचणार होतं. उचलला तर वन्सं वाचण्याचा संभव जास्त होता.

तिनं हात उचलला. तशीच चालत जाऊन तिनं तो तिसऱ्या रांजणावर ठेवला.

म्हातारीचं हसू मावळलं. रांजणाच्या तोंडावरची माती तडकली आणि आतून एक डोकं वर आलं, केसांत वाळका पाला अडकलेलं.

"वहिनी, किती उशीर गं! पाय आखडले माझे."

भावजयीला आधी रडू आलं आणि मग हसू. "निघा आता. पुढचं भांडण घरी जाऊन."

"जा," म्हातारी मागून म्हणाली. आवाजात आता गोडवा नव्हता. "पण हे गावात सांगू नकोस. माझे रांजण ओस पडतील."

भावजयीनं गावात सांगितलं. आधी लोकांनी नाकं मुरडली. म्हणाले, नशिबानं मिळाली, हात उचलणारीचं कसलं कौतुक? पण ती प्रत्येकाला एकच विचारी, "एक रांजण घ्याल, की दोन?" हळूहळू लोकांना ते पटलं. पुढे ज्यांची माणसं रानात अडकली, त्यांनी हात उचलला. सगळ्यांचीच माणसं परत आली असं नाही. काही जण हात उचलूनही एकटेच आले. पण घरी येणारे आता कायमचे जाणाऱ्यांहून जास्त झाले. आणि जे एकटे येत, त्यांना ओसरीवर बसवून लोक पाणी देत. तुमची माया कमी पडली, असं त्या गावात पुन्हा कोणी कोणाला म्हणालं नाही.

तात्पर्य : अजाणता धरलेली गोष्ट नवी खूण दिसल्यावर सोडण्यात लाज नाही, मायेनं डोळे मिटू नयेत, उघडावेत.