चौथी गाठ

कण्हेरवाडीचा सुबान पाथरवट राजाच्या बंधाऱ्यावर दगड घडवायला जाई. आठवड्याची मजुरी दहा पायल्या ज्वारी. त्यातून राजाचा भाग आधीच कापला जाई आणि उरेल ते हाती पडे. एकट्या मजुराच्या पाच पायल्या कापत. ज्याच्या घरी पोसायची माणसं असतील, त्याला माणसामागे एक पायली सूट मिळे. त्यासाठी प्रत्येकाची एक दोरी कोठारात टांगलेली असे. जितकी माणसं, तितक्या गाठी. माणूस घरातून गेलं की मजुरानं आपण होऊन गाठ सोडायची.

सुबानच्या दोरीला चार गाठी होत्या. आई, बायको, मुलगा आणि लेक चिमणा.

माघात चिमणाचं लग्न बंधाऱ्यावरच्याच एका गवंड्याशी झालं. तिची गाठ सोडायला सुबान कोठारात गेला, पण त्याचा हात होईना. लेकीला घरातून काढून टाकल्यासारखं वाटलं. तो तसाच परतला.

बायको कोंडाई ज्वारी मोजून कणगीत ओती. ती म्हणाली, "अहो, आता आठ यायला हव्यात. नऊ येतायत. विचारा तरी."

"कापणारे ते, मोजणारे ते. आपण कशाला मधे पडायचं?" सुबान म्हणाला.

तीस आठवड्यांत तीस पायल्या जास्तीच्या साठल्या. चिमणा पहिल्या बाळंतपणाला माहेरी येणार होती. तिला दूध मिळावं म्हणून सुबाननं ती ज्वारी देऊन दुभती शेळी घेतली.

दसऱ्याला वर्षाचा हिशेब झाला. कारकुनानं घरातली माणसं विचारली, गाठी मोजल्या आणि तीस पायल्या परत मागितल्या. घरात खाण्यापुरतीच ज्वारी होती. शेळी कोठारात जमा झाली.

दुसऱ्या दिवशी चिमणा आली. रिकामा खुंटा पाहून तिनं शेळीची चौकशी केली. सुबाननं गाठीचं सगळं सांगितलं.

चिमणा म्हणाली, "आबा, यांनी माझी गाठ लग्नाच्याच आठवड्यात आपल्या दोरीला बांधली. तुमच्या दोरीवर मी नव्हतेच. दूध मात्र माझंच गेलं."

सुबान उठला, कोठारात गेला आणि गाठ सोडून आला. तेव्हापासून मजुरीच्या दिवशी घरून निघतानाच तो कोंडाईला सांगे, "आज कापतील दोन, येतील आठ." आणि ज्वारी मोजून घेतल्याशिवाय पोत्याचं तोंड बांधत नसे.

तात्पर्य: आपल्या मजुरीतून किती कापलं जायला हवं, याचा अंदाज ज्यानं त्यानं आधीच करावा. कमी कापलं गेलं म्हणून ते आपलं होत नाही. ते फक्त उशिरा मागितलं जातं.