सगळ्यांत जवळचा

मिक्सर बोलायचे आणि माणसं त्यांचं ऐकून घ्यायची, त्या काळातली ही गोष्ट.

त्र्यंबककाकांच्या छातीत ठोके सांभाळणारा पेसमेकर बसला, आणि शरयूकाकूंनी त्याच आठवड्यात मिक्सर माळ्यावर टाकायचं ठरवलं. "मेला केवढा घरघरतो! ह्यांच्या काळजाला बाधायचा."

मिक्सर रडकुंडीला आला. "मग शेंगदाण्याची चटणी कोण वाटणार?"

"जरा शांत राहायला शीक," मोबाइल म्हणाला. तो काकांच्या सदऱ्याच्या डाव्या खिशात, कव्हरचं चुंबकाचं झाकण मिटून ऐटीत बसला होता. "मी कधी आरडाओरडा करतो का? म्हणून तर मला काळजापाशी जागा मिळाली."

तेवढ्यात आतून पेसमेकर करवादला, "काकू, मिक्सर तिकडे ओट्यावर खुशाल बोंबलू दे, मला त्याचं काही नाही. पण हा चुंबकवाला छातीला चिकटला की माझा ताल चुकतो!"

काकूंनी मोबाइल उचलून लांब टेबलावर ठेवला आणि मिक्सर लावला.

"तिखट हात राखून घालू नकोस गं!" काका बाहेरून ओरडले.

मोबाइल टेबलावर मुसमुसत होता. "मी तर काकांच्या सगळ्यांत जवळचा होतो!"

"अरे बाबा," पेसमेकर म्हणाला, "तेच तर सांगतोय मी!"