तळसंगीच्या सरकारांची मोटार आणि उंदरांचा संसार

ऐन दसऱ्याला, शिलंगणाला निघायच्या वेळी, तळसंगी संस्थानच्या सरकारांची मोटार चालूच होईना. ड्रायव्हर दौलूनं बॉनेट उघडलं आणि कपाळावर हात मारला. वायरी कुरतडलेल्या, मखमली झाकणाच्या चिंध्यांची छान गादी केलेली आणि त्या गादीवर उंदरांची पाच पिल्लं गाढ झोपलेली!

मोटार घ्यायची म्हणून सरकारांनी हत्ती विकला होता. त्यामुळे त्या दिवशी सरकार जरीचे जोडे घालून चालत शिलंगणाला गेले. रयतेनं हसू दाबलं, पण ते सरकारांना दिसायचं ते दिसलंच.

सगळा राग निघाला दौलूवर. वीस वर्षं इमानानं नोकरी केलेला माणूस, पण ऐकतंय कोण? सरकारांनी हुकूम सोडला की दिवाळीच्या पाडव्यापर्यंत मोटारीत एकही उंदीर दिसता कामा नये. मात्र उंदीर मारायचा नाही, गणपतीचं वाहन आहे. पिंजऱ्यात कोंडायचा नाही, हाकलायचाही नाही, त्याच कारणानं. मांजर सोडायचं नाही, मोटारीच्या रंगावर ओरखडे येतात. हे जमलं नाही तर नोकरी गेली आणि वाड्यामागची खोलीही खाली करायची. आता मला सांगा, मारायचं नाही, धरायचं नाही, हाकलायचं नाही, मग काय उंदराला पत्र लिहायचं?

बिचाऱ्या दौलूनं सगळं करून पाहिलं. डांबरगोळ्या ठेवल्या, तंबाखूची पानं पसरली, मिरचीची पूड टाकली. मिरचीनं दिवाणजी दोन दिवस शिंकत होते. उंदीर मजेत.

इतक्यात दौलूची मुलगी हौसा दिवाळीसाठी माहेरी आली. बापाचं तोंड उतरलेलं पाहून तिनं सगळं विचारून घेतलं आणि तडक मोटारखान्यात जाऊन बसली. तिथं तिनं काय पाहिलं? रोज सकाळी पुजारी येई, मोटारीला हळद-कुंकू वाही आणि पुढ्यात खोबरं आणि दोन मोदक ठेवून जाई. मोटार नवी राहावी म्हणून वर्षातून एकदाच बाहेर निघे. बाकी वर्षभर मखमल पांघरून उभी. हौसा पोटात दुखेपर्यंत हसली.

मग ती सरकारांपुढे उभी राहिली. म्हणाली, काम मी करते, पण दोन गोष्टी हव्यात. नैवेद्य मोटारीपुढे नको, रिकाम्या हत्तीखान्यात ठेवायचा. आणि पाडव्यापर्यंत मोटारीची किल्ली माझ्या बापाकडे, कुणी काही विचारायचं नाही. सरकारांनी हो म्हटलं. पोर काय करते ते बघायचंच होतं त्यांना.

शहरातून मेकॅनिक आला, त्यानं पिल्लं अलगद टोपलीत घालून हत्तीखान्यात नेऊन ठेवली, वायरी बदलल्या आणि दुसऱ्या दिवसापासून मोटार रोज बाहेर पडू लागली. कधी बाळंतपणाला अडलेली बाई दवाखान्यात पोचवायची, कधी बाजारकऱ्यांच्या मेथीच्या जुड्या, एकदा तर चार भोपळे आणि एक म्हातारी. दिवाणजी रोज सरकारांच्या कानाला लागत. सरकार आतल्या आत धुमसत होते, पण शब्द दिला होता ना!

पाडव्याला भर दरबारात सरकारांनी हौसाला बोलावलं. मोटार अंगणात उभी होती. बॉनेट उघडलं. आत ना चिंधी, ना लेंडी. वायरी जशाच्या तशा.

"उंदीर कुठं गेले?" सरकारांनी विचारलं.

"हत्तीखान्यात, सरकार. पोरंबाळं तिथं, जेवणही तिथंच. इकडं यायला उरलंय काय?"

"पण पोरी, तू केलंस तरी काय?"

"उंदराला मी काहीच केलं नाही. त्याच्या घराला तेवढं कामाला लावलं. रोज हादरणाऱ्या, तापणाऱ्या घरात कोण संसार मांडेल?"

सरकारांचा चेहरा निवळला, पण दिवाणजींनी पुन्हा मेथीची आठवण करून दिली. सरकार कडाडले, "माझी मोटार गावानं वापरली! माझ्या इभ्रतीचं काय?"

हौसानं मान खाली घातली, पण शब्द खाली ठेवला नाही. "सरकार, वर्षभर ही मोटार उंदरांनी वापरली आणि तुम्हाला चालत जावं लागलं. पंधरा दिवस रयतेनं वापरली आणि आज ती तुमच्यासाठी दारात उभी आहे. इभ्रत कुणी घालवली, ते सरकारांनीच सांगावं."

सरकार असे हसले, असे हसले की पगडी सावरायला हुजऱ्या धावला.

वाड्यामागची खोली त्याच दिवशी दौलूच्या नावानं झाली. मोटार रोज सकाळी दवाखान्याच्या वाटेला जाईल असा हुकूम निघाला. पुजाऱ्यालाही सांगणं झालं की नैवेद्य हत्तीखान्यातच ठेवत जा. हत्ती गेल्यापासून जागा ओस पडलीय, निदान देवाचं वाहन तरी तिथं सुखानं राहू दे.

आणि हौसा पैठणी नेसून सासरी गेली ती मोटारीतूनच. पोचवायला खुद्द सरकार निघाले. पुढच्या सीटवर मेथीची एक जुडी राहिली होती, ती त्यांनी मांडीवर घेतली.