महागडं पेट्रोल

गाड्यांना वाचा होती त्या काळची ही गोष्ट. पेट्रोलचा भाव रोज खालीवर व्हायचा. रिक्षावाला गेनबा तर उतार लागला की इंजिनच बंद करायचा. पंपावर येणारी निळी मोटार मात्र नेहमी महागडं पेट्रोल प्यायची. ते बघून रिक्षाला राहवेना.

"मालक, त्यात असतं तरी काय? एकदा पाजा ना!"

भाव उतरला त्या दिवशी गेनबाने हौसेने तिला लिटरभर पाजलं. अंगात काय फरक पडतो ते बघत रिक्षा घाट चढली. धाप तीच, वेगही तोच. माथ्यावर निळी मोटार उभी होती.

"ताई, मला काहीच वेगळं वाटलं नाही. तुला काय वाटतं गं?"

मोटार हळूच म्हणाली, "मलाही कधी वाटलं नाही. पण इतकी वर्षं प्यायल्यावर आता मालकाला कसं सांगू?"